थोडक्यात वाचली!



आपल्या हिंगोली जिल्ह्यात फेब्रुवारी-मार्च म्हणजे हळदीचे दिवस. वसमतकडं जा नाहीतर कळमनुरीकडं, रानात काढणी चाललेली, बाजूला हळद शिजतेय, वाळतेय आणि शेवटी पॉलिशचा ढोल फिरतोय. त्या ढोलाजवळ काम करणाऱ्या बाईकडं जरा नीट पाहा. नाकाला रुमाल, भुवयांवर पिवळी धूळ, आणि साडीचा पदर फिरत्या पट्ट्यापासून जेमतेम हातभर लांब. एखाद्या दिवशी पदर ओढला जातो, कुणीतरी धावत जाऊन इंजिन बंद करतं. सगळे म्हणतात, "थोडक्यात वाचली गं बाई, देवाची कृपा!" पाच मिनिटांत ढोल पुन्हा सुरू.

आज मला याच दोन शब्दांवर बोलायचं आहे. 'थोडक्यात वाचली' म्हटलं की आपल्याकडं विषय संपतो. चांगल्या चालवलेल्या मोठ्या कंपनीत तिथून तो सुरू होतो. तिकडं याला 'निअर मिस' म्हणतात आणि त्याची वहीत नोंद होते. किती वाजता घडलं, कोणत्या यंत्रावर, कशामुळं? बाईनं लक्ष का दिलं नाही, हा पहिला प्रश्न नसतो. पट्ट्यावर जाळी का नव्हती, हा असतो. जाळी बसल्यावरच यंत्र चालू होतं. आज पदर सुटला, उद्या हात सापडेल, हे त्यांनी अनुभवातून ओळखलेलं असतं.

ही शिस्त कायद्यातही आली. 1948 च्या कारखाने अधिनियमानं यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण घालायला लावलं, चालत्या यंत्राशी काम करणाऱ्यानं अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत असं सांगितलं, आणि दर 150 कामगारांमागं एक प्रथमोपचार पेटी ठेवायला लावली. 1984 साली भोपाळची वायुदुर्घटना झाली. त्यानंतर 1987 च्या दुरुस्तीनं धोक्याच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आली, आणि तिच्यात व्यवस्थापनाइतकेच कामगारांचे प्रतिनिधी बसू लागले. हे फार महत्त्वाचं, कारण यंत्र कुठं खडखडतं ते त्याच्यापाशी आठ तास उभा राहणाऱ्यालाच आधी कळतं.

पण सगळं कायद्यानंच झालं असंही नाही. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यानं आठ तासांचा दिवस 1912 साली सुरू केला आणि अपघात भरपाईची योजना 1920 साली आणली. भरपाईचा कायदा देशात आला 1923 साली.

आरोग्याचंही तसंच. अपघात डोळ्यांना दिसतो, धूळ मात्र वर्षानुवर्षं छातीत साठत जाते. म्हणून चांगल्या कंपनीत कामावर घेतानाच फुफ्फुसं, कान, डोळे तपासतात आणि पुढं ठरावीक काळानं पुन्हा. नवे आकडे जुन्या नोंदीशी ताडून पाहतात. श्वास कमी भरतोय असं दिसलं, तर त्या माणसाचं काम बदलतात आणि धूळ ओढून घेणारा पंखाही तपासतात.

आणि कामावर येण्याची वाट? कर्मचारी राज्य विमा कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. घरून कामाला जाता-येता झालेला अपघात, कामाशी संबंध दिसला, तर कामावरचाच धरला जाऊ लागला.

इथं मला गुंज आठवतं, वसमत तालुक्यातलं गाव. 4 एप्रिल 2025 च्या सकाळी तिथल्या मजूर महिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेतकामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या आळेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्यानं भरलेल्या विहिरीत गेला. 7 जणी गेल्या. त्यांचं कामाचं ठिकाण कोणतं म्हणायचं? रान, ट्रॉली, की ती वाट? मला विचाराल तर तिन्ही. कारखान्याच्या फाटकाआत जी काळजी घेतात, ती या बायांच्या वाटेला कधी आलीच नाही.

शेतकरी बांधवांनो, मुकादमांनो, यातलं बरंच आपल्याला आजच करता येतं. ढोलाच्या पट्ट्याला जाळी बसवा, ती हजार-दोन हजारांसाठी राहू देऊ नका. हळद शिजवायच्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हंगामाआधी जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या. धुळीत काम करणाऱ्याला चांगला मास्क द्या. रानातल्या विहिरीला कठडा बांधा. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी वेगळं वाहन सांगा. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांना जवळ बोलवा आणि विचारा, काल कुणी थोडक्यात वाचलं का?

आणि मायबहिणींनो, तुम्हाला कुणी असं विचारलं तर गप्प बसू नका. पदर कुठं अडकला ते सांगा. तुम्ही सांगितलेल्या त्या एका गोष्टीनं उद्या तुमच्या शेजारणीचा हात वाचेल.