व्यायामाची सक्ती आणि अन्नाची धास्ती

व्यायाम सक्तीचा केव्हा झाला, याचे उत्तर घड्याळ देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवतात. स्पर्धेची तयारी करणारा जलतरणपटू त्याच्या कितीतरी पट मेहनत करतो आणि तरीही ठणठणीत असतो. उलट, रोज तासभरच धावणारी एखादी मुलगी गंभीर आजारी असू शकते. फरक दोन ठिकाणी दिसतो : व्यायाम थांबवावा लागला तर त्या माणसाचे काय होते, आणि त्याच्या ताटातला घास त्या व्यायामावर अवलंबून आहे का. अंगात ताप असताना धावणे टाळता येत नसेल, आणि धावणे चुकले म्हणून जेवण टाळले जात असेल, तर तो व्यायाम आरोग्यासाठी उरलेला नाही.

हा विषय मालवणातल्या या परिषदेपुढे यावा, याला कारण आहे. चिवल्याच्या किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धेसाठी राज्यभरातून पोहणारे येतात. गावोगावी कबड्डीचे संघ आहेत. पोलीस भरतीसाठी मुलगे १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावण्याचा सराव पहाटेपासून करतात. ही सारी मेहनत अभिमानाची आहे. किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढणाऱ्याचे कष्टही व्यायामापेक्षा कमी नसतात. पण तो दमला की बसतो, भूक लागली की जेवतो, आणि पावसाळी मासेमारीबंदीत हात रिकामे राहिले म्हणून जेवण सोडत नाही. भरतीची तयारीही परीक्षा झाली की सैल होते. ती सैल झाली नाही, किंवा सैल करण्याच्या कल्पनेनेच जीव घाबरा झाला, तर लक्ष द्यायला हवे.

वैद्यकशास्त्राच्या प्रचलित वर्गीकरणांत सक्तीच्या व्यायामाला स्वतंत्र निदान म्हणून जागा नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत अतिव्यायामाचा उल्लेख येतो तो मुख्यतः बुलिमियात, म्हणजे अधाशीपणे खाल्लेल्या अन्नाची भरपाई करण्याचा एक मार्ग म्हणून. उलटी करणे, जुलाबाची औषधे घेणे आणि उपाशी राहणे यांच्या रांगेत तो बसतो. अ‍ॅनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरवणाऱ्या आजाराच्या, अनेक रुग्णांतही अखंड हालचाल दिसते. विल्यम मॉर्गन या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ मध्येच धावपटूंच्या या अवस्थेची तुलना व्यसनाशी केली होती. दुखापत होऊनही धावणे थांबत नाही, घर आणि काम मागे पडते, आणि एक दिवस चुकला तरी माणूस बेचैन होतो, हे त्याचे निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडते.

उपासमार आणि हालचाल एकमेकींना कशा वाढवतात, हे १९६७ च्या एका प्रयोगात स्पष्ट झाले. उंदरांना दिवसातून एकच तास अन्न दिले आणि पिंजऱ्यात फिरते चाक ठेवले. ते उंदीर दिवसेंदिवस जास्त धावू लागले, मिळालेले अन्नही कमी खाऊ लागले आणि मरणाच्या दाराशी पोचले. तेवढाच वेळ अन्न मिळणारे पण चाक नसलेले उंदीर तगले. माणसांवरची साक्ष अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून मिळते. १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन जवळपास पाव भागाने घटले आणि त्यांचे सारे विचार अन्नाभोवती फिरू लागले. भुकेला मेंदू स्वतःच हट्टी आणि एककल्ली होतो. म्हणूनच अशा मुलीला नुसते समजावून भागत नाही. आधी तिच्या पोटात अन्न जावे लागते.

शरीरात काय घडते, ते एका हिशेबाने समजते. एका मुलीचे वजन ५० किलो आहे आणि त्यातली चरबी वगळता उरणारे वजन ४० किलो आहे, असे धरू. ती १८०० कॅलरी खाते आणि व्यायामात ७०० खर्च करते. शरीराच्या बाकी कामांसाठी ११०० उरतात, म्हणजे चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे २७.५. हा आकडा ४५ च्या आसपास असावा असे मानतात. ३० च्या खाली तो बराच काळ राहिला तर मेंदूतून अंडाशयाला जाणारे संकेत मंदावतात. म्हणजे या मुलीला ११०० ऐवजी १८०० कॅलरी उरायला हव्यात, आणि त्यासाठी तिने २५०० खायला हवे. ती ७०० ने कमी पडते, तरी तिचे ताट रिकामे दिसत नाही. घरच्यांची फसगत होते ती इथेच.

पाळी अनियमित होते, मग थांबते. इस्ट्रोजेन घटते आणि ज्या वयात हाडे भरायची त्याच वयात ती विरळ होतात. खाण्यातला बिघाड, पाळी थांबणे आणि हाडांची झीज या त्रिकुटावर अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९९७ मध्ये भूमिका मांडली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये हे चित्र विस्तारले : ऊर्जेची तूट पुरुषांनाही बाधते, आणि हृदय, प्रतिकारशक्ती, पचन व मन यांवरही तिचा परिणाम होतो. पाळी थांबणे हे चांगल्या सरावाचे लक्षण आहे, हा समज काही मैदानांवर अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत मुली आयुष्यभर हाडांनी मोजतात. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायलाच हवे.

शरीरावरच्या इतर खुणा अशा : नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला वारंवार तडा जाणे, सतत थंडी वाजणे, केस गळणे, उभे राहताच अंधारी येणे. उलट्या होत असतील तर दातांचे आवरण झिजते आणि बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडतात. मंद नाडी फसवी असते. उत्तम खेळाडूची नाडीही मंद असते. पण वजन उतरत असताना, चक्कर येत असताना किंवा पाळी बंद असताना नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली, तर तिला तंदुरुस्ती समजू नये.

वागण्यातल्या खुणा घरात आधी दिसतात. कोकणात पहिल्यांदा भात सुटतो, मग वाटप घातलेली आमटी, मग तळलेला मासा. पेजेची वाटी बाजूला सरते. पंगतीत बसणे टाळले जाते. ‘मी मघाशीच खाल्लं’ हे वाक्य रोजचे होते. चतुर्थीला एक मोदक खाल्ला तर दोन तास धावून तो ‘उतरवला’ जातो. रात्री दार लावून उठाबशा चालतात. उपासाचा आडोसा मिळतो : आधी संकष्टी, मग एकादशी, सोमवार, गुरुवार. श्रद्धेचा उपास सण आला की सुटतो आणि माणूस आनंदाने जेवतो. आजाराचा उपास सुटण्याच्या वेळीच भीती वाढते. काही मुली जाड होण्याची भीती बोलूनच दाखवत नाहीत. पित्त होते, पोट फुगते, भूकच नाही, असे सांगतात. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी १९९० च्या दशकात अशा रुग्णांचे वर्णन केले आहे. त्यामुळे पित्ताच्या गोळ्या देताना डॉक्टरांनी वजनाचा आलेखही पाहावा.

मुलग्यांत हाच आजार उलट्या रूपात येतो. हार्वर्डचे हॅरिसन पोप आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात वर्णिलेल्या विकारात पिळदार तरुणालाही स्वतःचे शरीर किरकोळ वाटते. तो जिम चुकवू शकत नाही, घरचे जेवण नाकारतो, पावडरींवर राहतो आणि कधी स्टिरॉइडच्या इंजेक्शनपर्यंत पोचतो. त्याचे कौतुकच होत राहते, म्हणून त्याला कोणी विचारत नाही.

महाराष्ट्राच्या तालमीने मेहनत आणि खुराक कधी वेगळे मानले नाहीत. कोल्हापूरच्या आखाड्यात दूध, बदाम आणि थंडाई हा सरावाचाच भाग असतो. वजनगटांच्या कुस्तीने त्यावर ताण आणला. १९९७ च्या अखेरीस वजन उतरवताना तीन अमेरिकी महाविद्यालयीन मल्ल दगावले, तेव्हा तिथले नियम बदलले. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट ५० किलो गटात १०० ग्रॅम जादा वजनामुळे अपात्र ठरली, त्याआधीची रात्र तिने वजन उतरवण्यात घालवली होती. अशी घट म्हणजे विकार नव्हे. ती खेळाची मागणी असते. पण ज्याच्या मनात अन्नाची धास्ती आधीच रुजली आहे, त्याला ही मागणी सोयीचे निमित्त देते.

प्रश्न विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘किती बारीक झालंस गो’ हे कौतुकही आजाराला बळ देते. एकांतात, वजनाचा विषय न काढता विचारावे : एक दिवस व्यायाम चुकला तर कसे वाटते? दुखत असतानाही करतेस का? व्यायाम झाला नाही तर जेवण कमी करतेस का? कोणापासून लपवून करतेस का? पाळी वेळेवर येते का? यातल्या एक-दोन उत्तरांनी निदान होत नाही, पण तपासणीची वेळ आली हे कळते. मुलगी नाकारेल, चिडेल. तरी पुन्हा विचारावे.

उपचारात डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ एकत्र लागतात. किशोरवयीन मुलांत कुटुंबाच्या हाती जेवण सोपवणारी, लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात विकसित झालेली पद्धत परिणामकारक ठरली आहे; आईवडिलांना दोषी न धरता ती त्यांना उपचाराचे भागीदार करते. प्रकृती स्थिरावेपर्यंत व्यायाम थांबतो, मग देखरेखीखाली थोडाथोडा सुरू होतो. फार खंगलेल्या रुग्णाला घरी एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते, कारण रक्तातले फॉस्फेट झपाट्याने घसरू शकते. बेशुद्धी, खूप मंद नाडी, अन्न पूर्ण नाकारणे किंवा आत्महत्येचे विचार दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

शाळा, क्रीडा मंडळे आणि व्यायामशाळा यांच्याकडून चार गोष्टी अपेक्षित आहेत. सर्वांसमोर वजन करू नये आणि त्याचे आकडे फळ्यावर लिहू नयेत. विश्रांतीचा दिवस वेळापत्रकात सक्तीने ठेवावा आणि तो पाळला जातो का ते पाहावे. दुखापतग्रस्त खेळाडूने संघात जागा गमावण्याच्या भीतीने खेळू नये, याची हमी प्रशिक्षकाने द्यावी. आणि प्रत्येक मुलीला पाळीविषयी मोकळेपणाने बोलता येईल अशी एक तरी जबाबदार स्त्री मैदानावर असावी. हा आजार लवकर ओळखला तर बहुतेक मुले-मुली बऱ्या होतात, पुन्हा खेळतात आणि पोटभर जेवतात. ते लवकर ओळखणे डॉक्टरांच्या खोलीत पोचण्याआधी, मैदानावर आणि जेवणाच्या पाटावर घडायला हवे. ती जबाबदारी या परिषदेत बसलेल्या प्रत्येकाची आहे.