हाड जोडल्यानंतरचे दुखणे



मी काही डॉक्टरीण नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाई न्हाणीत घसरल्या, मांडीचे हाड मोडले, ऑपरेशन करून आत सळई घालावी लागली. पुढे दोन महिने त्यांची औषधे माझ्या हाती होती, म्हणून यावर बोला असे सेक्रेटरीबाईंनी सुचविले.

आपल्या कोल्हापुरात पूर्वी हाड मोडले की तालमीतल्या वस्तादाकडे नेत. तो हाड बसवी, लेप लावी, कामट्या बांधी, आणि कोणी ओरडला तर ‘सोस’ म्हणे. आता सळई आली, पण ते ‘सोस’ घरात तसेच राहिले, आणि जास्त करून बायकांच्याच वाट्याला आले. सासूबाई गोळी उशाखाली सारीत. म्हणत, “अगं, पाच बाळंतपणं काढली मी, हे काय मोठं?” मग दुखते म्हणून हलत नसत, आणि हलत नसत म्हणून गुडघा आखडू लागला.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तेव्हा त्यांना समजाविले, की ही गोळी लाड करण्यासाठी नव्हे, चालण्यासाठी आहे. पडून राहिले की स्नायू सुकतात, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. म्हाताऱ्या माणसाला हे फार घातक. म्हणून व्यायामाच्या पाऊण तास आधी गोळी. आणि पहिले काही दिवस कळ येण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला घड्याळ बघून द्यायची. कळ एकदा डोक्यावर चढली की तीच गोळी पुरी पडत नाही.

डॉक्टर विचारीत, शून्य ते दहात किती दुखते? सासूबाईंना ते काही उमगेना. मी विचारले, “रुपयात किती आणे?” लगेच उत्तर आले, “बारा आणे!” मग पोराच्या जुन्या वहीत वेळ, गोळी आणि आणे लिहीत गेले. डॉक्टरही ती वही बघूनच औषध कमी करीत.

आता गोळ्यांविषयी. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला दिवसाला फार तर ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या; वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. क्रोसिन, डोलो म्हणजे तीच, आणि कॉम्बिफ्लाममध्येही ती असते. नाव वेगळे म्हणून दोन्ही दिल्या तर मात्रा वाढते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक उपाशीपोटी देऊ नये, आधी निदान अर्धी भाकरी खाऊ घाला. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय या गोळ्या नकोतच. ट्रामाडॉल ही त्याहून कडक. २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली आहे. सवय लागेल म्हणून पुष्कळजणी घाबरतात. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस घेऊन त्यांच्याच सांगण्याने कमी करीत आणली तर तो धोका फार थोडा. त्रास होतो तो बद्धकोष्ठाचा आणि गुंगीचा. पाणी, पपई, इसबगोल आधीपासून द्या, आणि रात्री उठताना हात धरा; नाहीतर पुन्हा तीच न्हाणी आणि तेच पडणे.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. गोळी देऊनही कळ वाढतच गेली, बोटे बधिर किंवा निळी पडली, पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून पू आला किंवा दम लागला, तर आणखी गोळी देत बसू नका. सी. पी. आर. असो की खाजगी दवाखाना, तडक गाठा. सुजलेल्या पोटरीला तेल चोळणाऱ्या बाईला तर दारातूनच परत पाठवा. आत गुठळी असेल तर ती चोळण्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

आमच्याकडे कडक गोळ्यांतल्या सहा उरल्या. एक शेजारीण कंबर दुखते म्हणून मागायला आल्या होत्या. त्यांना मी चहा दिला, गोळी दिली नाही. वहीचा नमुना मात्र ज्यांना हवा असेल त्यांनी खुशाल घेऊन जावा, मी सोबत आणला आहे.