‘पझेशन’ आणि त्याचा अस्वस्थ प्रेक्षक

भयपट चालू असताना प्रेक्षागृहात हशा पिकला, तर चित्रपट फसला असे सहसा समजले जाते. परंतु मानसशास्त्रीय भयपटांच्या, म्हणजे ज्यांतील भयाचे मूळ भुताखेतांत नसून माणसाच्या मनोव्यापारांत असते अशा चित्रपटांच्या बाबतीत, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. पोलिश दिग्दर्शक आंजेय झुवाव्स्की यांचा ‘पझेशन’ (1981) या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. गेल्या चार दशकांत या चित्रपटाच्या वाट्याला गौरव, संताप, हसू आणि मध्येच उठून जाणारे प्रेक्षक असे सारे काही आले. हे प्रतिसाद परस्परविरोधी दिसत असले, तरी हा चित्रपट प्रेक्षकाला सुरक्षित अंतरावर बसू देत नाही, या एकाच कारणातून ते उद्भवतात, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

झुवाव्स्की हे आंजेय वायदा यांचे एकेकाळचे सहायक. 1977 मध्ये पोलंडच्या सांस्कृतिक प्रशासनाने त्यांच्या ‘ऑन द सिल्व्हर ग्लोब’ या चित्रपटाचे काम मध्येच बंद पाडले, आणि त्याच काळात त्यांचा संसारही मोडला. या दुहेरी मोडतोडीतून ‘पझेशन’ची कल्पना निघाली आणि चित्रीकरण भिंतीने दुभंगलेल्या शहराच्या पश्चिम भागात, म्हणजे पश्चिम बर्लिनमध्ये झाले. कथा वरकरणी साधी आहे: हेरगिरीच्या कामगिरीवरून घरी परतलेल्या मार्कला (सॅम नील) पत्नी अ‍ॅना (इझाबेल अजानी) घटस्फोट मागते, पण कारण सांगू शकत नाही. तिचा एक प्रियकर असल्याचे उघड होते. पुढे मात्र त्या प्रियकरालाही ठाऊक नसलेले एक दुसरे बिऱ्हाड निघते, आणि तेथे अ‍ॅना एका ओंगळ, अर्धवट घडलेल्या जीवाला जपत असते.

हा जीव पडद्यावर येईपर्यंत बराच काळ लोटलेला असतो, आणि प्रेक्षक तोवर पुरता घायकुतीला आलेला असतो, ही गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. आरंभीच्या एका प्रसंगात नवराबायको मुलाच्या ताब्याविषयी बोलण्यासाठी एका कॅफेत भेटतात. ते समोरासमोर बसत नाहीत. कोपऱ्यातल्या बाकाच्या काटकोनातील दोन बाजूंवर, एकमेकांकडे जवळजवळ पाठ करून बसतात, व्यवहाराच्या कोरड्या स्वरात बोलतात, आणि पाहता पाहता मार्क खुर्च्या-टेबले उधळत तिच्या मागे धावतो, तेव्हा हॉटेलातल्या माणसांना त्याला धरून ठेवावे लागते. ब्रुनो न्युइतेन यांचा कॅमेरा पात्रांच्या अगदी जवळ राहून त्यांच्याभोवती फिरत राहतो, त्यामुळे भांडणाऱ्या जोडप्याच्या खोलीत अडकून पडलेल्या तिऱ्हाइताची अवस्था प्रेक्षकाच्या वाट्याला येते. भयपटाची तयारी करून आलेल्या प्रेक्षकाजवळ अशा भांडणाला तोंड देण्याची तयारी नसते.

या अवस्थेचे विवेचन करण्यास भारतीय रसचर्चा उपयोगी पडते. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने स्वीकारून विस्तारलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार, रंगभूमीवरील भय हे ‘माझे’ही नसते आणि ‘त्याचे’ही नसते, व्यक्ती, स्थळ आणि काळ यांपासून सुटून ते सर्वसामान्य झाले, तरच त्याचा आस्वाद घेता येतो. भयानक रसाचे उदाहरण म्हणून अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’तील दुष्यंताच्या रथापुढे पळणारे हरीण निवडले, ते याच कारणासाठी. रसास्वादाच्या आड येणारी जी सात रसविघ्ने त्याने सांगितली, त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्या खाजगी सुखदुःखाच्या आहारी जाणे, हे एक आहे. ‘पझेशन’ हे विघ्न टाळत नाही, उलट मुद्दाम ओढवून घेतो. मोडलेल्या नात्याचा अनुभव असलेल्या प्रेक्षकाला अ‍ॅना-मार्कचे बोलणे परक्याचे वाटत नाही, आणि ज्याला तो अनुभव नाही त्याला तेच बोलणे अतिरंजित वाटून हसू येते.

भुयारी रेल्वे स्थानकातील प्रसंगात ही प्रक्रिया टोकाला जाते. निर्मनुष्य मार्गातून निळ्या पोशाखातली अ‍ॅना सामानाची जाळीची पिशवी घेऊन येते, हसू लागते, पिशवी भिंतीवर आपटते, दूध भिंतीवर आणि तिच्या अंगावर उडते. मग किंकाळ्या, आचके, जमिनीवर लोळणे, आणि अखेरीस तिच्या शरीरातून पाझरणारे रक्त व पांढरा स्राव. तेथे आपल्यातल्या श्रद्धेचाच गर्भपात झाला, अशा अर्थाचे ती नंतर सांगते. वेदना किती वेळ दाखवावी याचे एक अलिखित प्रमाण चित्रपट पाहण्याच्या सवयीतून प्रेक्षकाच्या मनात ठरलेले असते. ते ओलांडले गेल्यानंतरही हा प्रसंग संपत नाही. या टप्प्यावर कुणी नजर वळवतो, कुणी हसतो, कुणी उठतो, आणि यांतला हसणारा प्रेक्षक बधिर असतो असे मानण्याचे कारण नाही, कारण ताण सोसेनासा झाला की शरीर तो हसण्यातूनही मोकळा करते. अजानी यांना या भूमिकेतून सावरायला वर्षे लागली, असे त्यांनीच पुढे सांगितले.

कान महोत्सवात 1981 मध्ये याच भूमिकेसाठी आणि जेम्स आयव्हरी यांच्या ‘क्वार्टेट’साठी मिळून अजानी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ब्रिटनमध्ये मात्र, हिंसक व्हिडिओफितींविरुद्धच्या मोहिमेच्या काळात, सरकारी अभियोक्त्यांनी केलेल्या 72 चित्रपटांच्या यादीत ‘पझेशन’चा समावेश झाला, त्यांपैकी ज्या 33 चित्रपटांवरील आरोप टिकले नाहीत, त्यांत तो होता.

अमेरिकेतील प्रकार अधिक बोधप्रद आहे. सुमारे दोन तासांचा हा चित्रपट तेथे 1983 मध्ये प्रदर्शित झाला तो जेमतेम 81 मिनिटांचा होऊन. वितरकांनी संसाराच्या विघटनाचा भाग मोठ्या प्रमाणावर कापला, प्रसंगांचा क्रम बदलला आणि भर राक्षसी जीवावर ठेवला. प्रेक्षकाला घाबरवते ते त्या जीवाचे रूप, अशी त्यांची समजूत असावी, परंतु ती सपशेल चुकली. घटस्फोटाचे दुःख काढून घेतल्यावर उरला तो रबरी बाहुला आणि अकारण किंचाळणारी बाई. मूळ लांबीची, नूतनीकृत प्रत 2021 मध्ये अमेरिकी चित्रपटगृहांत आल्यावर नव्या पिढीला हा चित्रपट भिडला, याचे श्रेय त्या कापलेल्या भांडणांना द्यावे लागते.

तरीही एक आक्षेप शिल्लक राहतो आणि तो हलका नाही. घटस्फोटाने दुखावलेल्या पुरुषाने आपल्या पत्नीचे वेगळे होणे स्त्रीदेहाच्या विकृतीच्या रूपात रंगवले, असे अनेक स्त्रीवादी समीक्षकांना वाटते. यावर चित्रपटातच एक अर्धे उत्तर आहे. मुलाची शिक्षिका हेलन हीही अजानी यांनीच साकारली असून ती शांत, प्रेमळ आणि हिरव्या डोळ्यांची आहे, म्हणजे मार्कला हवी तशी अ‍ॅना आहे. आणि अ‍ॅनाने जपलेला जीव शेवटी मार्कचेच प्रतिरूप घेऊन उभा राहतो. जोडीदाराचा आदर्श घडवण्याची हाव दोघांचीही आहे, हे त्यातून स्पष्ट होते. परंतु हेलन पडद्यावर स्वच्छ, सौम्य राहते आणि रक्तात लोळण्याची वेळ अ‍ॅनावरच येते, ही विषमता त्या उत्तराने पुसली जात नाही. स्थानकातील प्रसंगाच्या वेळी उठून जाणाऱ्या प्रेक्षकांत केवळ किळस आलेलेच नव्हे, तर ही विषमता ओळखणारेही असू शकतात.