आगीचा बंब आणि जुनी मालमोटार

जुने आगीचे बंब आणि जुन्या मालमोटारी कशा दुरुस्त कराव्यात आणि कशा जपाव्यात, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. विषय ऐकून निफाड तालुक्यातला एखादा शेतकरी म्हणेल, "आमच्यापुढे द्राक्षावरची भुरी आहे, कांद्याचा भाव आहे, उसाची तोड आहे. त्यात हे जुने लोखंड कुठून आले?" प्रश्न रास्त आहे. पण जरा थांबा. हे लोखंड आपल्याला वाटते तितके परके नाही.

आधी शब्दच बघा. बंब म्हटला की आपल्याला दोन वस्तू आठवतात. एक न्हाणीघरातला, अंघोळीचे पाणी तापवायचा तांब्याचा. दुसरा लाल रंगाचा, घंटा वाजवीत आगीकडे धावणारा. पोर्तुगीज भाषेत 'बोंबा' म्हणजे पंप, आणि त्यावरून आपला बंब आला असे कोशकार सांगतात. म्हणजे नावातच सगळे आले. आगीचा बंब हा आधी पंप आहे आणि मग मोटार. आणि पंप म्हटला की विहिरीवर इंजिन चालवलेल्या माणसाला काय शिकवायचे?

विहिरीवर पंप बसवताना आपण काय करतो? सक्शन पाइपाच्या तळाला फूटवॉल लावतो, वरून पाणी ओतून पाइप भरून घेतो, मग इंजिनाचे हँडल मारतो. कुठे सांध्यातून हवा आत शिरली की पंप पाणी सोडतो. फिरत्या पात्याच्या पंपाला हवा ओढता येत नाही, पाणीच लागते, म्हणून ही सारी खटपट. बंबाचेही असेच आहे. फरक इतकाच, की आग लागल्यावर बादलीने पाणी ओतत बसायला वेळ नसतो. म्हणून बंबावर हवा काढून घेणारा एक छोटा पंप वेगळा बसवलेला असतो. तो पाइपातली हवा उपसतो आणि बाहेरच्या हवेचा दाब तळ्यातले पाणी वर ढकलतो.

शिक्षकांनी हा भाग वर्गात जरूर सांगावा. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याला फार तर ३४ फुटांपर्यंत वर ढकलू शकतो. आपला तालुका समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथे दोनेक फूट आणखी कमी. प्रत्यक्षात पाइपाचे घर्षण आणि सांध्यांची गळती धरली तर २५ फुटांच्या आसपास पंप हात टेकतो. पाणी खोल गेले की इंजिन विहिरीत खाली उतरवावे लागत असे, त्याचे कारण हेच. जुना बंब शाळेच्या आवारात उभा असेल, तर हा धडा मुलांना फळ्यावर वाचावा लागणार नाही. तो हाताने करून बघता येईल.

आता थोडा इतिहास. मुंबईचे अग्निशामक दल १८८७ साली महापालिकेच्या ताब्यात आले. त्या काळी बंब घोडे ओढत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारीचे बंब आले आणि १९२० पर्यंत घोडे गेले. या दलाचा सर्वांत काळा दिवस म्हणजे १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि शेजारीच दारूगोळा. जवान पाणी मारीत असतानाच दोन भयंकर स्फोट झाले. ६६ अग्निशामक जवान कामावर असताना गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. जुना बंब दिसला की ही माणसे आठवावीत. ज्या पितळी तोट्या आपण किलोवर घालतो, तशाच तोट्या त्यांच्या हातात होत्या.

मालमोटारींचीही कहाणी ऐकण्यासारखी आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या फोर्ड, शेव्हरोले, डॉज गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या आणि मालवाहतुकीला लागल्या. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ तयार होऊ लागली, तिच्या नाकावर तीन टोकांचा तारा असे. हा करार १९६९ पर्यंत चालला. त्याच काळात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो निघत होत्या, आणि बेडफर्ड तर सगळ्यांच्या ओळखीची. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी एस.टी.ची पहिली गाडी धावली तीही बेडफर्डच, लाकडी बांधणीची. म्हणजे मोटारीचा सांगाडा बांधणारा माणूस त्या वेळी अर्धा लोहार आणि अर्धा सुतार होता.

हे सारे गेले असे समजू नका. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ सालचा एक बंब आहे. इंग्लंडातल्या सॅल्फोर्ड गावच्या जॉन मॉरिस कंपनीचा. तो घेतला होता निजाम स्टेट रेल्वेने. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी जुनी मीटरगेज लाइन निजामाच्या मुलखातलीच, तेव्हा हा बंब आपल्या शेजारचाच म्हणायला हरकत नाही. शंभरी उलटली तरी तो चालू स्थितीत राखला आहे आणि दिल्लीच्या जुन्या मोटारींच्या फेरीत लोकांनी तो धावताना अनेकदा पाहिला आहे. कोणीतरी दर वर्षी त्याचे तेल बदलतो, सांधे तपासतो, इंजिन फिरवून ठेवतो, म्हणून हे जमते. यंत्राला विश्रांती मानवत नाही. ते उभे राहिले की गंजते.

आता समजा, नगरपालिकेच्या आवारात, बंद कारखान्याच्या कुंपणात किंवा तुमच्याच मळ्यात बाभळीखाली अशी एखादी गाडी पडली आहे. काय करावे? पहिली गोष्ट, पान्याला हात लावू नका. आधी वही घ्या. चारही बाजूंनी फोटो काढा. चासीवरचा नंबर, इंजिनावरची पट्टी, दारावरची पुसट अक्षरे लिहून घ्या. जुन्या रंगावर घाईने नवा लाल रंग फासू नका. त्या रंगाखाली नगरपालिकेचे नाव असेल, साल असेल. ते एकदा गेले की परत येत नाही. पुष्कळ वेळा गाडी आहे तशी धुऊन, गंज थांबवून छपराखाली ठेवणे हीच उत्तम दुरुस्ती ठरते. चालू करायचीच असेल तर पुढचे ऐका.

वर्षानुवर्षे उभे असलेले इंजिन जाम झालेले असते. त्याला टोइंग करून किंवा हँडलवर जोर लावून फिरवू नये. पिस्टन मोडेल, नाहीतर दांडा वाकेल. प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल यांचे थोडे मिश्रण सोडावे आणि आठ-दहा दिवस वाट बघावी. मग हाताने अलगद पुढे-मागे हलवून पाहावे. नाही हलले तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. ज्याला घाई आहे त्याने हे काम हाती घेऊ नये. इंजिन सुटले की जुने तेल काढा, टाकीतला गाळ काढा, पाण्याच्या वाटा धुवा. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिन उलटे फिरले तर अंगठा जातो, हे लिस्टर इंजिन चालवलेल्या जुन्या माणसांना सांगायला नको.

रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो. गळत असेल तर फेकू नका. त्याला डाख देणारा कारागीर अजून मिळतो. नाशिक तर तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. हंड्याला डाख देणाऱ्या हाताला रेडिएटर अवघड नाही. पंपातली चामड्याची वॉशरे वाळून कडक झालेली असतात. चांगल्या कमावलेल्या चामड्याची नवी कापून, तेलात भिजवून बसवावीत. मिळत नाही असा बुश लेथवर कातून घेता येतो, मोडलेला पितळी भाग नमुना करून ओतून घेता येतो. आपल्या तालुक्यात ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. बारीक मापाचे काम जाणणारे कितीतरी निवृत्त कामगार आसपासच्या गावांत राहतात. त्यांना नुसते विचारायला गेलात तरी ते चष्मा घालून पुढे येतील.

इथे एक नवी अडचण सांगतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. आपल्या उसातून निघणारेच. उसाला त्याने गिऱ्हाईक मिळाले हे खरे, पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पडदे त्याने मऊ पडतात, फाटतात. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे टाकी आतून गंजते. तेव्हा रबरी भाग नव्या जातीचे घाला आणि गाडी उभी ठेवताना टाकी रिकामी करून ठेवा. निफाडची जानेवारीतली थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्या दिवसांत जुने इंजिन सकाळी मुळीच दाद देत नाही. बॅटरी मंदावते, तेल दाट होते. रेडिएटरमध्ये कोमट पाणी घाला, पण उकळते नको. थंड बीडाला उकळते पाणी लागले तर ते तडकते.

आता धोक्याच्या चार गोष्टी, आणि या विसरायच्या नाहीत. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ हवेच्या झोताने उडवू नका. ती फुप्फुसात बसते आणि वर्षांनी जीव घेते. ती ओल्या फडक्याने पुसा. जुन्या रंगात शिसे असते. तो कोरडा घासू नका, ओला घासा आणि मुलांना दूर ठेवा. मालमोटारीच्या चाकाला वेगळी लोखंडी रिंग असेल तर हवा भरताना समोर उभे राहू नका. रिंग सुटली तर तोफेच्या गोळ्यासारखी येते. हवा भरताना चाकाला साखळदंड गुंडाळलेला असावा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली लाकडी ठोकळे हवेतच.

कायद्याचेही दोन शब्द. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खाजगी दुचाकी किंवा चारचाकी असेल, तर तिची 'विंटेज' म्हणून वेगळी नोंद होते. पण अशा गाडीतून रोजची किंवा धंद्याची वाहतूक करता येत नाही. दुसरीकडे, १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी आणि पालिकांच्या गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या मोडीत निघतात. धूर कमी व्हावा, रस्ते सुरक्षित व्हावेत, हा हेतू चांगलाच आहे. जुना बंब आगीवर पाठवा, असे मी म्हणत नाही. आगीवर नवाच बंब हवा. पण शंभर गाड्या मोडीत जाताना एखादी राखण्यासारखी आहे का, हे काट्यावर घालण्याआधी बघायला हवे. नंतर बघून काय उपयोग? काटा वजन सांगतो, साल सांगत नाही.

शिक्षक मित्रहो, यात तुमचे काम मोठे आहे. लोखंडापेक्षा लवकर जाते ते माणसाच्या हातातले ज्ञान. पिंपळगाव, लासलगाव, निफाड, सायखेडा, कोणत्याही गावात एक म्हातारा मिस्त्री असतोच. इंजिनाचा आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह ढिला आहे ते तो सांगतो. त्याने ते पुस्तकात वाचलेले नाही आणि कुठे लिहूनही ठेवलेले नाही. मुलांना त्याच्याकडे पाठवा. त्याला विचारायला सांगा: पहिली गाडी कोणती उघडली? सुटा भाग मिळत नसे तेव्हा काय केले? कोणते हत्यार स्वतः बनवले? हत्यारांची नावे त्याच्याच तोंडची लिहून घ्या, शुद्धलेखनासाठी बदलू नका. अशी पन्नास पाने झाली तर तो तालुक्याचा इतिहासच होईल. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या निदेशकांना सोबत घ्या. म्हाताऱ्याचे कान आणि तरुणाचे डोळे एकाच इंजिनावर वाकले, तर दोघांचेही भले होईल.

शेतकरी बंधूंनो, दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतो, झेंडूची माळ घालतो, कुंकू लावतो. ज्याने आपले पोट भरले त्या हत्याराचे ऋण मानायची ही आपली रीत आहे. कांद्याच्या गोण्या ज्या गाडीने वाहिल्या आणि पेटलेल्या गंज्या ज्या बंबाने विझवल्या, त्यांचेही थोडे ऋण आपल्यावर आहेच. सगळे जुने राखता येणार नाही, आणि राखूही नये. पण तालुक्यात एक बंब आणि एक मालमोटार छपराखाली उभी राहिली, तिच्याजवळ तिचे साल आणि तिच्या मिस्त्रीचे नाव लिहिले गेले, आणि वर्षातून एकदा तिचे इंजिन मुलांदेखत सुरू झाले, एवढे पुष्कळ आहे. तेव्हा येत्या दसऱ्याआधी आपल्या गावाच्या आवारात, कुंपणात, बाभळीखाली एकदा डोळसपणे बघून या. काही सापडले तर वही आणि पेन्सिल घेऊन जा. पाना नंतर.