पाण्याच्या विद्येला मामा हवा

विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यात कुठल्याही गावी चौकशी करा, घरातला एखादा तरी मुलगा गलाईच्या दुकानात परमुलखात असतो. कुणी दक्षिणेत, कुणी उत्तरेत, कुणी थेट काठमांडूला. जुन्या दागिन्यांतलं सोनं-चांदी मुशीत वितळवून, तेजाबानं शुद्ध करून द्यायचं, असा हा धंदा. जाळ किती ठेवायचा आणि कुठं थांबायचं हे त्या पोरांना शाळेनं शिकवलेलं नसतं. पोरगा मामाकडे जातो, वर्षानुवर्षं राहतो, बघून बघून शिकतो. झोपायला जागा असते, जेवायला ताट असतं आणि चुकलं तर सांभाळून घेणारं माणूस असतं. त्या आधारानं ही विद्या देशाची हद्दही ओलांडून गेली.

आमच्याकडे दुसरीही एक विद्या आहे, पाणी वाटण्याची. तिला मात्र परदेशात मामा नाही.

1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कामगार गावी परतले, तेव्हा इथं दुष्काळ होता. येरळा नदीच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. मुक्ती संघर्ष चळवळीनं तो उपसा अडवला, आणि थोडी वाळू गावानंच विकून बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी नदीवर बळीराजा स्मृती धरण बांधलं. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते आणि लोकविज्ञान संघटनेचे कार्यकर्ते गावकऱ्यांबरोबर बसले, तेव्हा आराखडा उभा राहिला. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वाटपाचं सूत्र. पाण्याचा वाटा घरटी समान, भूमिहीनालासुद्धा. जमीन नाही त्याला पाणी कशाला, असं आजही सहज विचारलं जातं. या गावांनी त्याचं उत्तर बांधकामातून दिलं.

पुढे कराडजवळच्या टेंभूहून कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांत आणायची योजना आली. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांमधून तोच समन्यायी वाटपाचा आग्रह धरला.

आता शेजारी बघा. नेपाळात बुटवलजवळ तिनाऊ नदीवर थारू शेतकऱ्यांनी काढलेला छत्तीस मौजा नावाचा जुना कालवा आहे. गाळ काढायला ज्या गावानं जितकी माणसं द्यायची, त्याच्या हिशोबानं त्याचं पाणी. श्रीलंकेत बेथमा म्हणून रीत आहे. तळ्यात पाणी कमी असलं, की त्या हंगामापुरती तळ्याजवळचीच जमीन भिजवायची आणि ती सगळ्यांनी वाटून कसायची, मालकी कुणाचीही असो. हे ऐकून येरळाकाठच्या शेतकऱ्याला किती प्रश्न पडतील! वरच्याला राग येत नाही का? हिशोब कोण ठेवतं? चोरून पाणी घेतलं तर काय करता? त्याची उत्तरं अहवालात मिळत नाहीत. त्यासाठी तिथल्या बांधावर राहावं लागतं.

राहायला पैसे लागतात. तिकीट, मुक्काम, दुभाषा, आणि तिकडे गेलेल्या प्राध्यापकाच्या जागी इकडे शिकवणारं माणूस. दोन देशांतल्या संस्थांना जाणकारीच्या देवाणघेवाणीसाठी जी अनुदानं मिळतात, ती याच खर्चासाठी असतात. इमारत त्यातून उभी राहत नाही, म्हणून ती फारशी दिसतही नाहीत. पण मामाच्या घरचं काम तीच करतात.

असा प्रयत्न झालेलाही आहे. हैदराबादच्या साकीवॉटर्स या संस्थेनं चेन्नईचं अण्णा विद्यापीठ, ढाक्याचं अभियांत्रिकी विद्यापीठ, नेपाळ इंजिनिअरिंग कॉलेज आणि श्रीलंकेतलं पेरादेनिया विद्यापीठ अशी चार देशांतली केंद्रं एका सूत्रात बांधली. पाण्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, शिष्यवृत्त्या मिळाल्या. आधी नेदरलँड्सचा पैसा होता, नंतर कॅनडाचा. हे मला बोचतं. नद्या आपल्या, दुष्काळ आपला, आणि एकमेकांच्या घरी जायला भाडं सातासमुद्रापलीकडून यावं? 2014 नंतर सार्क देशांची शिखर परिषद झालेली नाही. सरकारं बोलत नसतील, तेव्हा तर महाविद्यालयांनी बोलत राहायला हवं.

भारत सरकार 1964 पासून आयटेक योजनेखाली परदेशी लोकांना इथं प्रशिक्षण देतं. ते चांगलंच आहे. पण तिथं आपण शिकवतो आणि पाहुणा शिकतो. मला वाट दोन्ही बाजूंनी चालती हवी आहे. विट्याचं बळवंत कॉलेज आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ यांनी मिळून नेपाळ किंवा श्रीलंकेतल्या एखाद्या संस्थेबरोबर असा प्रस्ताव करावा, असं मी मनापासून सुचवते. त्यात परिषद आणि हारतुरे नकोत. एक अट मात्र घालावी: येणाऱ्यानं निदान एक पूर्ण पाणीपाळी इथं राहावं, आणि जाणाऱ्यांत प्राध्यापकाबरोबर पाणी सोडणारा माणूसही असावा. त्याच्याकडे पदवी नसेल. तरीही प्रवासखर्चाच्या तक्त्यात पहिलं नाव त्याचं लिहावं, आणि पासपोर्ट काढायला त्याला तालुक्याच्या गावी कुणीतरी सोबत न्यावं.