‘हॉट स्पेस’ : वादक बाजूला बसले तेव्हा



‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचं नाव निघालं की सातारा-सांगलीकडच्या संगीतवेड्यांना अभिमान वाटतो. गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारोख बुलसारा, शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथल्या मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. कवठे महांकाळला बसून त्याची गाणी ऐकताना मलाही तो आपल्या मुलखातला वाटतो. म्हणूनच त्याचं फसलेलं कामही आपण आस्थेनं तपासायला हवं.

ते काम म्हणजे मे १९८२ मध्ये आलेला ‘हॉट स्पेस’ हा अल्बम. त्याआधी १९८० मध्ये ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे नाचायला लावणारं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. मग बँडनं नव्या अल्बमच्या तबकडीची जवळजवळ सगळी पहिली बाजू त्याच वाटेवर नेली. रॉकच्या चाहत्यांनी नाकं मुरडली. क्वीननं डिस्को का करावा, असा त्यांचा सवाल होता.

मला हा आक्षेप पटत नाही. ताल बदलणं हा गुन्हा नव्हे. ‘अनदर वन’मध्ये बँडच्या जॉन डिकनची बेस गिटार गाणं ओढून नेत होती, तिथं माणसाची बोटं ऐकू येतात. ‘हॉट स्पेस’च्या पहिल्याच ‘स्टेइंग पॉवर’ या गाण्यात मात्र बेस गिटार नाही, तिचं काम सिंथेसायझर करतो. ‘बॉडी लँग्वेज’मध्ये बँडचा गिटारवादक ब्रायन मे याची गिटार जवळपास गायब आहे. वडिलांच्या मदतीनं, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून स्वतः घडवलेली गिटार वाजवणारा हा माणूस, आणि त्यालाच काम नाही! ‘बॅक चॅट’मध्ये त्याची गिटार अखेर कडाडते, तेव्हा गाण्यात जीव आल्यासारखं वाटतं.

आपल्या तमाशात ढोलकीवाला नाचणारणीच्या पावलांवर नजर ठेवून ठेका खेचतो, सोडतो, मध्येच तोडा टाकून तिला डिवचतो. वादक एकमेकांना असे डिवचतात तेव्हा संगीत रंगतं. यंत्राचा ठेका चोख असतो, पण समोरच्याचं ऐकून तो बदलत नाही. क्वीनची खरी ताकद बँडमधल्या चौघांच्या या देवाणघेवाणीत होती, आणि पहिल्या बाजूवर तीच आटली.

याचा पुरावा अल्बममध्येच आहे. शेवटचं गाणं ‘अंडर प्रेशर’, गायक डेव्हिड बोवीसोबत केलेलं. ते १९८१ मध्येच स्वतंत्रपणे येऊन ब्रिटनमध्ये अव्वल ठरलं होतं. त्यातही मोजकीच वाद्यं, बेसची चारदोन सुरांची फिरत, चुटक्या आणि टाळ्या. तेवढ्यावर दोन गायक एकमेकांना वर वर चढवत नेतात. म्हणजे खोट साधेपणात नव्हती, नाचऱ्या ठेक्यातही नव्हती. जॉन लेननच्या आठवणीत फ्रेडीनं रचलेलं ‘लाइफ इज रियल’ही पियानोच्या आधारानं मनाला भिडतं.

जून १९८२ मध्ये मिल्टन कीन्सच्या मैदानावर बँडनं ‘स्टेइंग पॉवर’ वाजवलं. त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, जरूर ऐका. रॉजर टेलरचे ड्रम्स आणि मेची गिटार त्यात उतरली आणि तेच गाणं दणदणीत झालं. गाणं मुळात लेचंपेचं नव्हतं. स्टुडिओत त्याला माणसं कमी पडली.

आज आपल्या भागातली मुलंही कीबोर्ड आणि संगणकावर गाणी रचतात, आणि ती रचावीतच. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे : यंत्र जरूर घ्या, पण जवळ चांगला वादक असेल तर त्याला बाजूला बसवू नका. क्वीनसारख्या बँडलाही ते परवडलं नाही.