केर्न्सहून उत्तरेकडे

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या केर्न्स शहरात अनेक प्रवासी कॅम्परव्हॅन भाड्याने घेतात. गादी, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं बिऱ्हाड चाकांवर! गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. समुद्राला खेटून जाणारा रस्ता साधारण ६५ किलोमीटरवरच्या पोर्ट डग्लस या टुमदार गावाकडे नेतो. पुढे आडवी येते डेन्ट्री नदी. पूल नाही, तारेच्या दोरावर सरकणारी फेरी गाडीसकट पलीकडे पोचवते. तिथलं वर्षावन १९८८पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि ते थेट वाळूपर्यंत उतरतं. पाणी मात्र दिसतं तितकं भोळं नाही. नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिश, मगरी तर बारा महिने. केप ट्रिब्युलेशन या भूशिरापुढे डांबर संपतं. व्हॅन तिथूनच वळवायची.